मिटल्या डोळ्यांआड

डिसेंबर १९५१. शिकागो विद्यापीठाच्या ॲबट हॉलमधल्या एका खोलीत आठ वर्षांचा आर्मंड झोपला होता. त्याच्या डोक्याला आणि डोळ्यांच्या कडांना चिकटवलेल्या तारा एका जुन्या, अडगळीतून बाहेर काढलेल्या यंत्राला जोडलेल्या होत्या. यंत्रापाशी त्याचे वडील युजीन असेरिन्स्की जागत बसले होते. तेही तेव्हा विद्यार्थीच होते, पीएचडीसाठी धडपडणारे. यंत्राच्या लेखण्या सरकत्या कागदावर रेघा ओढत होत्या. एका रात्रीच्या नोंदीला सुमारे अर्धा मैल कागद लागे. बराच वेळ रेघा संथ होत्या. मग डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या लेखण्या एकाएकी जोरजोराने इकडून तिकडे जाऊ लागल्या. मेंदूच्या रेघाही जागेपणी असतात तशा बारीक आणि घाईच्या झाल्या. मुलगा जागा झाला असणार असे समजून असेरिन्स्की आत गेले. आर्मंडचे डोळे मिटलेले होते. तो गाढ झोपेत होता.

असेरिन्स्कींना पहिली शंका आली ती यंत्र बिघडल्याची. त्यांचे मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन म्हणजे झोपेच्या अभ्यासातले त्या काळचे सर्वांत मोठे नाव, आणि त्यांनाही हे सहजी पटेना. त्यांनी स्वतःच्या मुलीला तारा लावून खात्री करून घेतली, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. ४ सप्टेंबर १९५३ रोजी 'सायन्स' या नियतकालिकात दोघांचा जेमतेम दोन पानांचा लेख आला. झोपेत ठरावीक काळाने डोळे मिटल्या पापण्यांखाली वेगाने फिरतात आणि त्या वेळी उठवले तर माणसे बहुधा स्वप्न सांगतात, एवढेच त्यात म्हटले होते. या झोपेला पुढे 'रेम झोप' हे नाव पडले.

मेंदूच्या विद्युतलहरी कागदावर उमटवण्याची हॅन्स बर्गर यांची युक्ती १९२९पासून जगाला ठाऊक होती. मग मधल्या वीस-बावीस वर्षांत हे कोणाच्या नजरेला कसे पडले नाही? कारण साधे आहे. झोप म्हणजे मेंदूचे बंद पडणे, अशी सगळ्यांची समजूत होती. बंद पडलेल्या गोष्टीची रात्रभर नोंद कोण घेईल? बहुतेक संशोधक थोडा वेळ यंत्र चालवत, कागद वाचवत आणि घरी जात. असेरिन्स्की मात्र अर्धा मैल कागद शेवटपर्यंत पाहत बसले. विज्ञानाच्या इतिहासातल्या या चिकाटीचे मला फार मोल वाटते.

पुढचे काम क्लाइटमन यांचा दुसरा विद्यार्थी विल्यम डिमेंट याने हाती घेतले. १९५७ साली या गुरुशिष्यांनी आकडेच मांडले. रेम झोपेतून १९१ वेळा उठवल्यावर १५२ वेळा माणसांनी स्पष्ट स्वप्न सांगितले. इतर झोपेतून १६० वेळा उठवल्यावर फक्त ११ वेळा. रात्रीचा आराखडाही हळूहळू स्पष्ट झाला. आधी उथळ झोप, मग गाढ झोप. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी मोठ्या आणि अतिशय संथ होतात. साधारण दीड तासाने पहिली रेम झोप येते, जेमतेम दहा मिनिटांची. असे चार-पाच फेरे होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, तर शेवटच्या फेऱ्यांत ती जवळजवळ नसतेच आणि रेमचा टप्पा अर्ध्या तासाच्याही पुढे जातो.

म्हणूनच पहाटेच्या साखरझोपेत स्वप्नांची गर्दी होते. पहाटेचे स्वप्न खरे ठरते, असे आपल्याकडे मानतात. ते खरे ठरते की नाही हे सोडून देऊ, पण ते लक्षात राहते हे नक्की, कारण आपण थेट त्याच्यातूनच जागे होतो. रात्री एक वाजता पडलेल्या स्वप्नानंतर आणखी कितीतरी झोप होते आणि ते पुसले जाते. ज्यांना 'मला स्वप्नेच पडत नाहीत' असे वाटते, त्यांतल्या बहुतेकांना प्रयोगशाळेत रेम झोपेतून उठवले की ते स्वप्न सांगतात.

मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगवेगळ्या सांगितल्या आहेत आणि त्यांपलीकडची चौथी मांडली आहे. स्वप्नाची झोप आणि स्वप्नाविना झोप एक नव्हे, हे माणसाने आत पाहून फार पूर्वी ओळखले होते. उपनिषदाचा रोख आत्मतत्त्वाकडे आहे, मेंदूकडे नाही. पण तो भेद शरीरातही खरोखर असल्याचे शिकागोच्या त्या कागदामुळे दिसले.

रेम झोपेचे आणखी एक अंग फ्रान्समधल्या ल्यों शहरात उलगडले. मिशेल जूव्हे यांनी १९५९ साली मांजरांचा अभ्यास करताना पाहिले, की या झोपेत मेंदू जागेपणाइतकाच गजबजलेला असतो, पण मानेपासून खालचे स्नायू साफ लुळे पडतात. मेंदूच्या बुंध्यातून निघणारे संदेश मज्जारज्जूतल्या चेतापेशींना गप्प करतात. त्यातून सुटतात ते डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल. जूव्हे यांनी काही मांजरांच्या बुंध्यातला हा गप्प करणारा भाग निकामी केला. मग जे दिसले ते विलक्षण होते. मांजर झोपलेले, समोर ठेवलेल्या वस्तूची त्याला शुद्ध नाही, आणि तरी ते उठते, दबा धरते, नसलेल्या सावजावर झेप घेते. मांजर स्वप्नात काय करते, ते प्रथमच बाहेरून पाहता आले.

माणसातही असे घडते. १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटा येथील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले. झोपेत ते ठोसे मारत, पलंगावरून उडी घेत, आणि उठवल्यावर आपण कोणाशी तरी झुंजत होतो असे सांगत. पुढे अनेक वर्षे या रुग्णांवर लक्ष ठेवल्यावर कळले, की त्यांच्यातल्या बहुतेकांना कालांतराने पार्किन्सनसारखा आजार होतो. हातांना कंप सुटण्याच्या दहा-वीस वर्षे आधी झोप त्याची सूचना देते. उतारवयात कोणी झोपेत वारंवार हातपाय झाडू लागले, तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

याच्या अगदी उलट प्रकारही होतो. जाग येते, पण स्नायूंवरचा बंध काही क्षण सुटत नाही. डोळे उघडे, खोली दिसते आहे, हाक मारायची आहे आणि तोंडातून आवाज फुटत नाही. त्यात स्वप्नाचे तुकडे अजून रेंगाळत असतात. छातीवर कोणीतरी बसले आहे, कोपऱ्यात कोणी उभे आहे, असा अनुभव जगभरच्या माणसांना येतो आणि जागोजागी त्याच्या भुताखेतांच्या गोष्टी झाल्या आहेत. अनुभव अगदी खरा असतो. तो एक-दोन मिनिटांत ओसरतो आणि एरवी निरोगी माणसाला त्यापासून इजा होत नाही, हे माहीत असले तरी निम्मी भीती जाते.

आता झोप येते कशी? त्याचे दोन धागे आहेत, आणि स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी ते १९८२ साली एकत्र मांडले. पहिला धागा साठत जाणाऱ्या गुंगीचा. दिवसभर मेंदू ऊर्जा वापरतो, आणि त्यातून अडेनोसिन नावाचे द्रव्य पेशींच्या अवतीभोवती जमत जाते. ते पेशींवरच्या आपल्या ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) जाऊन बसले की जागते ठेवणाऱ्या पेशी मंदावतात. चहा-कॉफीतले कॅफीन येऊन त्याच ग्राहकांवर बसते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे. अडेनोसिन उभेच राहते, पण कमी होत नाही. म्हणून चहाचा अंमल उतरला की अडवलेली झोप एकदम अंगावर येते.

दुसरा धागा देहातल्या घड्याळाचा. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे, तो दिवस-रात्र मोजतो. प्रकाश नसला तरी तो चालतोच. क्लाइटमन यांनी १९३८ साली केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस मुक्काम करून २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. सोबतचे तरुण ब्रूस रिचर्डसन त्याला सरावले. क्लाइटमन यांचा देह मात्र २४ तास सोडायला तयार झाला नाही. हे घड्याळ पेशींतली जनुके कशी चालवतात, ते शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल मिळाले.

झोप कशी येते हे कळले, पण झोप हवीच कशाला, हा खरा अवघड प्रश्न. नुसत्या विश्रांतीने उत्तर भागत नाही. विश्रांती पडून राहूनही मिळते. झोपलेला प्राणी शत्रूला आयता सापडतो, चरत नाही, पिलांची राखण करत नाही. इतका धोका पत्करूनही ज्यांची झोप नीट तपासली गेली, ते प्राणी कोणत्या ना कोणत्या रीतीने झोपतातच. २०१७ साली कॅलिफोर्नियात कॅसिओपिया नावाचे जेलीफिश अभ्यासले गेले. रात्री त्यांचे आकुंचन मंदावते, हलवल्यावर ते सावकाश भानावर येतात, आणि रात्री झोपू दिले नाही तर दुसऱ्या दिवशी सुस्तावतात. जेलीफिशला मेंदूच नसतो. म्हणजे झोप मेंदूहून जुनी असावी. या एका निष्कर्षापाशी मी पुन्हा पुन्हा थबकतो.

निसर्गाने झोप टाळली नाही, तर तिला मुरड घातली. डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवतो आणि अर्धा जागा ठेवतो, कारण श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. गॅलापागोस बेटांवरच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर बारीक यंत्रे बसवून नील्स राटेनबोर्ग यांच्या चमूने २०१६ साली दाखवले, की दहा-दहा दिवसांच्या सलग उड्डाणात ते हवेतच झोपतात, तेही दिवसाला सरासरी ४२ मिनिटेच. अंटार्क्टिकातले चिनस्ट्रॅप पेंग्विन घरट्यावर बसून एका वेळी चारच सेकंद डुलकी घेतात, पण दिवसाला दहा हजारांहून अधिक वेळा. बेरीज होते सुमारे अकरा तास.

झोप पूर्णच हिरावली तर काय होते? ॲलन रेक्टशाफेन यांनी शिकागोत १९८०च्या दशकात उंदरांवर केलेला प्रयोग वाचवत नाही. सतत जागे ठेवलेले उंदीर भरपूर खात होते आणि वजन घटत होते. दोन-तीन आठवड्यांत ते मेले. नेमके कशाने मेले, हे कितीतरी वर्षे कळले नव्हते. २०२० साली हार्वर्डमध्ये ड्रॅगाना रोगुल्या यांच्या चमूने फळमाश्या आणि उंदीर तपासले, तेव्हा जागरणाने आतड्यांत घातक ऑक्सिजन-संयुगे साठलेली दिसली. ती निष्प्रभ करणारी द्रव्ये दिल्यावर न झोपणाऱ्या माश्याही जवळजवळ पूर्ण आयुष्य जगल्या. हे माश्यांबद्दल आहे. त्यावरून कोणी गोळ्या घेऊन जागरणे करू लागेल तर ते चुकेल.

माणसाच्या मेंदूत गाढ झोपेचे सर्वांत भरभक्कम काम दिसते ते स्मरणाचे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी १९२४ सालीच दाखवले होते, की निरर्थक अक्षरे पाठ करून लगेच झोपले तर ती जास्त टिकतात. कारण मात्र सत्तर वर्षांनी दिसू लागले. उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी आहेत, की उंदीर अमुक जागी आला की अमुकच पेशी चेतते. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना आढळले, की धावताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेततात. गाढ झोपेत दिवसाची ही उजळणी कितीतरी पट वेगाने होते. एमआयटीत केनवे लुई आणि विल्सन यांनी २००१ साली रेम झोपेतली उजळणी पकडली. ती जवळपास खऱ्या धावण्याच्या गतीने, मिनिटभर आणि त्याहून जास्त चालते. नोंद पाहून संशोधक सांगू शकत, की झोपलेला उंदीर आत्ता वर्तुळाकार वाटेवर साधारण कुठे पोहोचला आहे.

झोपेत मेंदूची धुलाई होते, हे अलीकडे पुष्कळ वाचायला मिळते. रॉचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या चमूने २०१३ साली उंदरांत दाखवले, की झोपेत पेशींमधली पोकळी सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते आणि त्यातून द्रव वाहून अल्झायमरशी संबंधित बीटा-अमिलॉइडसारखा कचरा निघतो. पण २०२४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या प्रयोगांत उलटच निष्कर्ष आला: झोपेत निचरा कमी होतो. वाद सुरू आहे, आणि तो मिटेपर्यंत छातीठोकपणे बोलू नये असे माझे मत आहे.

आता स्वप्ने. २००० साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही जणांना कित्येक तास 'टेट्रिस' हा खेळ खेळायला लावला, वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा. झोप लागतालागता अनेकांना पडणारे ठोकळे दिसू लागले. या खेळाडूंत पाच जण असे होते, की मेंदूला इजा झाल्याने त्यांना नव्या घटना आठवतच नसत. खेळ शिकवणारी व्यक्तीही त्यांना दर वेळी अनोळखी वाटे. त्या पाचांपैकी तिघांनी झोपेच्या उंबरठ्यावर ठोकळे पडताना पाहिल्याचे सांगितले. हे काय आहे, कुठून आले, ते त्यांना सांगता येत नव्हते. आपण खेळलो हे विसरलेल्या माणसाला त्या खेळाचे चित्र दिसते! स्वप्न आठवणींतून बनते हे खरे, पण ज्या आठवणी आपल्या हाती आहेत, तेवढ्यांतूनच नाही.

स्वप्न विचित्र का असते, हेही थोडे उलगडले आहे. रेम झोपेत भावनांशी निगडित अमिग्डाला जोरात चालतो, तर तारतम्य राखणारा कपाळामागचा भाग मंदावतो. म्हणून कधीच वारलेले काका ओट्यापाशी चहा गाळताना दिसतात आणि आपल्याला नवल वाटत नाही. गहिवर मात्र खरा येतो. ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी १९७७ साली म्हटले, की मेंदूच्या बुंध्यातून येणाऱ्या बेशिस्त संदेशांना मेंदू कसाबसा अर्थ लावतो, तेच स्वप्न. ही मांडणी मला अपुरी वाटते. मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास करून दाखवले, की काहींची रेम झोप शाबूत असून स्वप्ने नाहीशी होतात. उलट, गाढ झोपेतून उठवल्यावरही माणसे कधीकधी स्वप्न सांगतात, हे आता पक्के आहे. रेम झोप आणि स्वप्न यांची सोबत दाट आहे, पण दोन्ही एकच नव्हेत.

तान्ह्या बाळाकडे पाहिले की हे आणखी कोड्यात टाकते. पाळण्यातले बाळ झोपेत हसले की 'सटवाई हसवतेय' असे आपल्याकडे आजी म्हणते. पहिल्या दिवसांतले हे हसू बहुधा रेम झोपेत उमटते. नवजात बाळ दिवसाचे सुमारे सोळा तास झोपते आणि त्यातला निम्मा वेळ रेम झोपेचा असतो. मोठ्या माणसाचा पाचवा हिस्सा. डोळ्यांपुढे अजून जगच न आलेल्या जिवाला इतकी रेम झोप कशाला? आयोवा विद्यापीठातल्या मार्क ब्लुमबर्ग यांच्या उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांतून एक सुंदर उत्तर पुढे आले आहे. झोपेत पिलाचा पाय उडतो, मिशी थरथरते, आणि दर वेळी मेंदूपर्यंत वर्दी जाते. एरवी सगळे शांत असताना एकच अवयव हलला, की तो कोणता आणि कुठला, हे मेंदूला स्वच्छ कळते. स्वतःच्या देहाचा नकाशा मेंदू असा झोपेत शिकत असावा. स्वप्ने मात्र सावकाश येतात. डेव्हिड फोक्स यांनी मुलांना प्रयोगशाळेत झोपवून वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या. चार-पाच वर्षांची मुले क्वचितच स्वप्न सांगत, आणि सांगितलेच तर स्थिर चित्रासारखे, त्यात ती स्वतः फारशी नसत. गोष्टीसारखी चालणारी स्वप्ने शाळेच्या वयात, कल्पनाशक्तीच्या वाढीबरोबर येतात.

या सगळ्या अभ्यासात एक अडचण कायमची होती: स्वप्न ऐकायचे ते जागे झाल्यावर, आणि तोवर त्यातले पुष्कळ निसटलेले असते. तिच्यातून वाट निघाली ती डोळ्यांतूनच. काही लोकांना स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' असे कळते. रेम झोपेत देह लुळा असला तरी डोळे हलवता येतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ साली ॲलन वर्स्ली या स्वयंसेवकाला सांगून ठेवले, की स्वप्नात भान आले तर डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरव. एप्रिलमधल्या एका सकाळी तशी खूण कागदावर उमटली. झोपलेल्या माणसाने बाहेरच्या जगाला जाणूनबुजून निरोप धाडला होता.

२०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी पुढचे पाऊल टाकले: झोपलेल्यांना प्रश्न विचारले. अमेरिकेत एका तरुणाला रेम झोपेत असताना हळू आवाजात विचारले गेले, आठातून सहा गेले किती? त्याने मिटलेले डोळे दोनदा डावीकडे-उजवीकडे फिरवले. प्रश्न कोणाला आकाशवाणीसारखा वरून ऐकू आला, तर कोणाला स्वप्नातल्याच गाडीच्या रेडिओतून. बहुतेक वेळा उत्तर आलेच नाही. १५८ प्रयत्नांपैकी बरोबर उत्तरे पाचव्या हिश्शाहूनही कमी. काहींनी झोपेत बरोबर उत्तर दिले, पण जागे झाल्यावर गणित भलतेच सांगितले. सकाळी आपण जे स्वप्न म्हणून सांगतो, त्याची अशी पडताळणी पहिल्यांदाच झाली, आणि ती झाली स्वप्न चालू असताना.